वाटाड्याची जागा

६ ऑक्टोबर
तटबंदीच्या गावातून

चि. टिल्लू,

या पत्रांतून मला एक गोष्ट सिद्ध करायची आहे. ती अशी: गेल्या मार्चमध्ये डोंगरावर जो अपघात झाला त्याचा दोष तुझा आहे, आणि म्हणून सुनावणीची वाट न पाहता तू वाटाड्याचा बिल्ला आपणहून परत करावास. प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान, आधी मांडावी आणि हेतू, म्हणजे त्याचे कारण, मागून द्यावा, हा क्रम मी तर्कशास्त्राच्या वर्गात उभा जन्म शिकवला. समोर धाकटा भाऊ आहे म्हणून तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

ज्यांविषयी वाद नाही त्या गोष्टी प्रथम नोंदवते. पर्वत उद्यानातल्या टेहळणी बुरुजाखालच्या वाटेने तू नऊ पाहुण्यांना घेऊन चालला होतास. रांगेत सर्वांत पुढे असलेला औषधविक्रेता कडेच्या चिऱ्यावरून घसरून खाली गेला. त्याची मांडी मोडली. तो अजून कुबड्यांवर आहे. त्या क्षणी तू रांगेच्या अगदी शेवटी होतास. येत्या चौदा तारखेला उद्यानाच्या कचेरीत सुनावणी आहे, आणि तुझा बिल्ला राहतो की जातो हे त्या दिवशी ठरेल. स्वतःच्या बाजूने एक अक्षरही सांगायला तू नकार दिला आहेस.

कचेरीच्या चिटणीसबाईंनी मला फोन केला तेव्हा त्या जरा अवघडल्या होत्या. "तुमच्या भावाला आम्ही विचारलं, तुमच्या वतीनं कोण बोलेल? तर म्हणाले, 'ताईला विचारा. तिला सगळं माहीत असतं.' म्हणून तुम्हाला त्रास दिला." या वाक्यातला टोमणा न कळण्याइतकी मी भोळी नाही. परंतु टोमण्याला निवेदनात जागा नसते. मला विचारण्यात आले, मी लेखी उत्तर दिले. त्यातले मुख्य विधान एवढेच आहे की वाटाड्याची जागा सर्वांच्या पुढे असते, आणि तू तेथे नव्हतास.

सहा महिने आपण बोललेलो नाही. त्याचे कारण तुला ठाऊक आहे आणि मलाही; प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध नाही.

निवेदन पाठवून झाल्यावर एक उणीव ध्यानात आली. साक्षीदाराने जागा पाहिलेली असावी लागते. तू तीस वर्षे या मुलखातली जुनी गावे, पूल आणि बुरूज लोकांना दाखवत हिंडतोस, आणि मी त्यातले काहीच पाहिलेले नव्हते. म्हणून तूच आखलेल्या सहलीचे तिकीट काढले, साध्या प्रवाशासारखे, नाते न सांगता. हा बेत बसच्या पायरीवरच फसला. सहल नेणारी तुझी शिष्या, जिला तू 'घार' म्हणतोस, माझ्या बॅगेला हात घालत म्हणाली, "टिल्लूकाकांच्या ताई ना तुम्ही? नाक तेच. आणि घड्याळाकडे बघणंही तेच!" त्रेसष्ट वर्षांच्या सहा फुटी माणसाला अख्खा मुलूख टिल्लू म्हणतो हे मला तेव्हा कळले. माझी समजूत अशी होती की ते नाव फक्त आपल्या घरातले आहे.

आज या गावात आम्हाला मोठ्या वेशीतून न नेता तटाला वळसा घालून मागच्या दाराने आत नेण्यात आले. पूर्वी येथून हमाल आणि पाणी वाहणारे येत असत म्हणे. आमच्यात एक दंतवैद्य आणि त्याची बायको आहे. दंतवैद्य कुरकुरला, "एवढे पैसे भरले ते मागच्या दारानं शिरायला?"

बायको म्हणाली, "जन्मभर लोकांच्या तोंडात बोटं घालून पोट भरलंत. आता दार कुठलं ते बघता होय?"

रंगाऱ्यांच्या घरांच्या पाठीमागून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, पावसाच्या नळांना खांदा घासत आम्ही वर चढलो. त्या बाजूने तटाची डागडुजी दिसते: तळाशी घडीव दगड, मध्ये वीट, वर सिमेंट. पुढून फक्त गिलावा दिसतो. इमारत खोटे बोलायची असेल तर तोंडाने बोलते, पाठीने नाही, असे तू सांगतोस, असे घार म्हणाली. गाव पाहण्याची पद्धत म्हणून मला हिच्यात दोष आढळला नाही. पण गावाचा तट कोणाच्या पायाखालून सरकत नाही. तेव्हा मूळ मुद्दा जेथल्या तेथे आहे.


८ ऑक्टोबर
पुलाच्या गावातून

आज माझ्या बाजूला एक भक्कम हेतू मिळाला. तो तुझ्यापासून लपवून ठेवणे योग्य होणार नाही.

पण क्रमाने सांगते. येथल्या दगडी पुलाला सात कमानी आहेत आणि पाटीवर लिहिले आहे की सातही मूळच्या. घारीने आम्हाला नदीच्या काठावर उतरवले आणि सांगितले, "यातली एक कमान नंतरची आहे. पुरात गेली होती. कुठली ते शोधा. मी गप्प बसते." मग ती खरोखरच दगडावर बसून संत्रे सोलू लागली. दंतवैद्याने तिसरी सांगितली. ती जरा काळी होती म्हणून. काळेपणा हा हेतू नव्हे, तो ओलीचाही असतो. मी दगडांच्या सांध्यांकडे पाहिले. पाचव्या कमानीत माथ्यावरचा कळीचा दगड शेजारच्यांहून अरुंद आहे आणि सांधे एका रेषेत येत नाहीत. मी "पाचवी" म्हणाले. घार म्हणाली, "काका म्हणाले असते, बरोबर, पण कारण सांगा." मी कारण सांगितले. त्याचा मला आनंद झाला. हे लिहिण्याची गरज नव्हती, परंतु खरे आहे.

जेवताना मी घारीला सरळ विचारले, "तू रांगेच्या पुढे चालतेस. तुझे काका मागे चालत. असे का?"

"नवा नियम, ताई. अपघातानंतर कचेरीनं काढला, वाटाड्यानं पुढेच राहायचं. काका असताना मीसुद्धा मागेच असायचे."

"आणि पुढे कोण असे?"

"पाहुण्यांतलंच कुणीतरी. काका रोज एकाला पुढे काढायचे. म्हणायचे, वाट तुम्ही शोधा, चुकलात तर मी मागून ओरडतो. लोक इतके खूश व्हायचे! चार दिवसांत डोंगर त्यांचाच असल्यासारखे चालायला लागायचे."

"म्हणजे अपघाताच्या दिवशी त्या औषधविक्रेत्याला त्यांनीच पुढे काढले होते."

घार पाव मोडता मोडता थांबली. "ताई, तुम्ही त्यांच्या बहीण आहात की सरकारी वकील?"

"दोन्ही नाही. साक्षीदार."

"मग हेही लिहा," ती म्हणाली. "पुढच्याला रस्ता दिसतो. मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. हे काकांचं वाक्य आहे. मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

मी लिहिले आहे. वाक्य सुबक आहे. सुबक वाक्ये मी सहसा बाजूला काढून ठेवते, कारण त्यांच्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. उरतो तो मुद्दा असा: तू नुसता मागे राहिला नाहीस, तर अनोळखी वाटेवर एका अननुभवी माणसाला आपल्या जागी उभे केलेस. माझी प्रतिज्ञा सकाळपेक्षा आता बळकट आहे.


९ ऑक्टोबर
डोंगराच्या पायथ्याशी

औषधविक्रेत्याचे दुकान याच गावात आहे. बाकीचे जुनी टाकसाळ पाहायला गेले तेव्हा मी त्याच्याकडे गेले. कुबड्या गल्ल्याला टेकवून तो उंच स्टुलावर बसला होता आणि एका म्हातारीला गोळ्या समजावत होता. "ही पांढरी जेवणाआधी, आजी. गुलाबी नंतर. उलट नाही करायचं. मागच्या वेळी केलंत." मी कोण ते सांगितले. त्याने फळीच्या आतून खुर्ची सरकवली.

म्हणाला, "तुमच्या भावाला सांगा, मला त्याचा राग नाही. बायकोला आहे. ती वेगळी गोष्ट."

मी विचारले, "तुम्ही घसरलात कसे?"

"अहो, मी शाळा सुटल्यापासून या फळीच्या मागे उभा आहे. आधी वडलांच्या मागे, मग माझा मी. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, 'तुम्ही पुढे व्हा.' त्याचा मला एवढा अभिमान वाटला, की पायाखाली बघायचं राहिलं."

"त्या वळणापाशी तो तुम्हाला थांबा म्हणाला होता का?"

"म्हणाला असेल. वारा फार होता." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "तुमचा गुडघा दुखतोय. बसताना कळलं. पट्टा देऊ?"

मी नको म्हणाले. संध्याकाळी घारीने प्रत्येकाला विचारले, हृदय, दमा, गुडघे, काही असेल तर आत्ताच सांगा, उद्या चढ आहे. मी 'काही नाही' असे सांगितले. हे उत्तर पूर्णपणे खरे नव्हते. पण माझ्या गुडघ्याचा प्रस्तुत चौकशीशी संबंध नाही, असे त्या वेळी मला वाटले.

औषधविक्रेत्याचे म्हणणे तुझ्या विरुद्ध जाते. त्याचा चेहरा मात्र जात नव्हता. चेहरा पुराव्यात धरता येत नाही.


११ ऑक्टोबर
खिंडीतल्या जकातघरातून, सकाळी

काल जे घडले ते घडल्या क्रमानेच सांगते. निष्कर्षाची घाई तू करू नकोस. मीही करणार नाही.

आम्ही जुन्या व्यापारी वाटेने वर गेलो. पायऱ्यांच्या मधोमध खुरांनी झिजून पन्हळी पडल्या आहेत. घार पुढे, मग दंतवैद्य, त्याची बायको, इतर तिघे, शेवटी मी. बुरुजाखालची ती जागा स्वच्छ उन्हात पाहिली. वाट अरुंद म्हणतात, पण दोन माणसे शेजारी चालतील एवढी आहे. आता तेथे लोखंडी कठडा बसवला आहे. धोका रुंदीत नाही. वाट बुरुजाच्या कोपऱ्याला वळते आणि त्याच पावलाला सगळी दरी एकदम समोर येते. नजर वर जाते आणि पाऊल आपोआप बाहेर पडते. मला हे ठाऊक असूनही माझे पाऊल बाहेर पडले. कठड्याला हात लागला म्हणून मी थांबले.

तेथे उभी राहून मी पुढे पाहिले. घार वळणापलीकडे गेली होती. ती नियमाप्रमाणे आपल्या जागी होती, आणि तिची पाठ माझ्याकडे होती. माझे पाऊल चुकले हे तिला दिसले नाही. दिसणे शक्यच नव्हते. मी ही नोंद मनात केली आणि पुढे चालू लागले.

उतरताना धुके आले. तू ते धुके ओळखतोस. ते खालून चढते. माझा गुडघा पायरीपायरीला अडू लागला. दंतवैद्याची बायको मागे वळून म्हणाली, "ताई, येताय ना? हात देऊ का?"

मी म्हणाले, "येते. व्हा पुढे."

हे मी ज्या आवाजात म्हणाले त्या आवाजापुढे वर्गातली मुले पुन्हा विचारण्याचे धाडस करत नसत. तीही गेली. थोडा वेळ त्यांचे बोलणे ऐकू येत होते. दंतवैद्य कोणाला तरी अक्कलदाढेविषयी सांगत होता. मग शब्द विरघळले आणि नुसता आवाज राहिला. मग तोही राहिला नाही.

पुढे एक खांब लागला. त्यावरची पाटी पडलेली होती. तेथून दोन वाटा फुटत होत्या: एक बारीक, मध्ये गवत वाढलेली, आणि एक रुंद, चांगली मळलेली. मी थांबले आणि विचार केला. घाबरून धावले नाही, हे मुद्दाम सांगते. ज्या वाटेने पुष्कळ लोक गेले ती मळते. पुष्कळ लोक जकातघराकडेच जातात. म्हणून मळलेली वाट जकातघराकडे जाते. अनुमान नेटके होते. मी त्या वाटेने गेले.

ती वाट खाणीत संपली. बुरुजाचा दगड ज्या खाणीतून काढला तीच ती असावी. एक मोठा चिरा तीन बाजूंनी तोडून चौथ्या बाजूने डोंगरालाच जोडलेला सोडून दिला आहे. जमिनीवर सगळीकडे मेंढ्यांच्या लेंड्या होत्या. वाट माणसांनी मळवलेलीच नव्हती.

मी त्या अर्धवट चिऱ्यावर बसले. परत फिरणे हा योग्य उपाय होता, पण गुडघा ऐकेना. उरला दुसरा उपाय, हाक मारणे. तो मला जमला नाही. काय म्हणून हाक मारायची? 'अहो' म्हणून? 'घार' म्हणून? मी कोणाला मोठ्याने बोलावल्याला किती वर्षे झाली हे आठवण्याचा प्रयत्न केला. त्या सगळ्या वेळात घड्याळाकडे पाहिले नाही. आणि जे त्या जागी बसल्यावर कळले ते एवढेच: पुढे चालणारा पडला तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडतो; मागे राहिलेला कोणाच्याच डोळ्यांसमोर राहत नाही. औषधविक्रेता पडला तेव्हा आठ माणसांनी किंकाळी फोडली आणि तू धावत पोचलास. मी चुकले तेव्हा जगात काहीच घडले नाही.

घार आली ती एकटी, हाका न मारता. धुक्यातून आधी तिचे बूट दिसले. मला पाहून ती थबकली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही खांबाच्या अलीकडे वळलात की पलीकडे?"

मी म्हणाले, "आधी मला पाणी दे."

"देते. पण कचेरीला कळवावं लागतं, कुठून चुकलात ते—"

"पाणी दे म्हटलं ना!"

माझा आवाज खाणीत घुमला. तिने बाटली दिली.

तिचा प्रश्न समर्पक होता. त्या जागी मीही तोच विचारला असता. तरी मला त्याचा फार राग आला. आणि म्हणून, ज्याचा या विषयाशी संबंध नाही असे मी पहिल्या पत्रात लिहिले, ते आता लिहावे लागते. मार्चमध्ये इस्पितळाच्या पॅसेजमधून तू सर्वांत आधी मला फोन केलास. तू म्हणालास, "ताई, माझा एक माणूस पडला." मी विचारले, "तू पुढे होतास की मागे?" तू फोन ठेवलास. प्रश्न समर्पक होता असे मी सहा महिने स्वतःला सांगत आले. तो समर्पक होता, यात आजही शंका नाही.

खाली येताना घारीने माझा दंड धरला होता. जकातघरापाशी माणसे मोजल्यावर एक कमी भरले होते, असे ती वाटेत सांगत होती. फोनला तेथेच काय ती रेंज मिळते. तेव्हा तिने कचेरीला नव्हे, तुला फोन लावला होता. तू काय म्हणालास ते तिने तुझ्या आवाजात सांगितले. तिला तुझी नक्कल चांगली येते.

"'खांबापाशी जा. दोन वाटांतली जास्त मळलेली असेल तिनं ती गेली असणार. तिला पुरावा लागतो.' मी म्हटलं, 'काका, हाका मारत जाते.' तर म्हणाले, 'मारू नकोस. ती ओ देणार नाही. चालत जा.'"

मला हसू आले, आणि ते नीट हसू नव्हते.

जकातघरात सगळे ओल्या मोज्यांनी शेकोटीभोवती बसले होते. दंतवैद्याच्या बायकोने मला पाहताच नवऱ्याला झापले, "तुमच्या दाढा आवरल्या असत्या तर मला मागचं ऐकू आलं असतं!" आणि आपली शाल माझ्या गुडघ्याभोवती गुंडाळली. घारीने तेथेच चालू ठेवून गेलेला फोन पुढे केला. "काका लाईनवरच आहेत. ठेवला नाही अजून. बोलता?"

मी हाताने नको म्हणून खूण केली. छातीवर हात ठेवला, दम लागला आहे असे दाखवले. ती फोनमध्ये म्हणाली, "काका, त्या ठीक आहेत. दम लागलाय." मग जरा ऐकून, "हो. हो, सूप देते."

मला दम लागलेला नव्हता.


१२ ऑक्टोबर
परतीच्या वाटेवर

आता निष्कर्ष.

माझी प्रतिज्ञा सिद्ध झालेली नाही. तिच्या उलट काही सिद्ध झाले, असेही मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्यापाशी नाही. वाटाडा पुढे असता तर औषधविक्रेता घसरला नसता, हे माझ्या सर्व युक्तिवादाचे मूळ होते. मी त्याच वळणावर, वाटाडा पुढे असताना, तेच चुकीचे पाऊल टाकले. ते मूळ तेथेच उपटले गेले. तीस वर्षांत तुझा एकही पाहुणा डोंगरावर हरवला नाही, असे घार सांगते. मी कचेरीला विचारले, त्यांच्या दप्तरीही तसेच आहे. नव्या नियमाला अजून वर्षही झालेले नाही आणि हरवलेली पहिली व्यक्ती मी आहे. एका उदाहरणावरून नियम मोडीत निघत नाही. पण 'नेहमी' हा शब्द खोडायला एक उदाहरण पुरते.

तीन प्रश्न मात्र उरतात, आणि ते तुझ्या सोयीचे नाहीत. त्या दिवशी त्याच माणसाला तू पुढे का काढलेस? वळणाआधी तू रांग थांबवलीस का? आणि घार म्हणते तसे, ती जागा आधी स्वतः ओलांडून, दगड पायाने चाचपून मगच शेवटी येण्याची तुझी रीत होती, तर त्या दिवशी ती पाळलीस का? औषधविक्रेत्याला वाऱ्यात काही ऐकू आले नाही. घार तेथे नव्हती. मी तर नव्हतेच. हे फक्त तुला माहीत आहे. ताईला सगळे माहीत असते हे तुझे विधानही मी तपासून पाहिले. ते टिकत नाही.

म्हणून चौदा तारखेला ये. बिल्ला आपणहून परत करू नकोस. तो सल्ला मी मागे घेते. बिल्ला जायचाच असेल तर तुझे ऐकून जाऊ दे. मान खाली घालून गप्प बसणे ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे. समोरच्याला वाटते हा उद्धट आहे किंवा गुन्हेगार आहे, आणि तू दोन्ही नसतोस. तू चुकला असलास तर तसे सांग. मी समोर असेन, आणि तुझे बोलणे संपेपर्यंत एकही प्रश्न विचारणार नाही. हे मला सोपे जाणार नाही, एवढे तू जाणतोस.

चिटणीसबाईंना आज फोन केला. म्हणाल्या, "बाई, दाखल झालेलं निवेदन बदलता येत नाही. फार तर त्याला काही जोडता येतं."

मी म्हणाले, "मग जोडा. आणि त्या मुलीलाही बोलवा. तिने तुमचा नियम पाळला आणि माझ्यासाठी मागे येऊन मोडलाही. तुम्हाला दोन्हीची माहिती हवी."

"कुठली मुलगी?"

येथे माझी पंचाईत झाली. मला तिचे खरे नाव विचारायचे सुचलेच नव्हते. बाजूला ती पाठीवर पिशव्या चढवत होती. मी फोन तिच्या हातात दिला.

निवेदनाला जो मजकूर जोडला आहे, त्याची प्रत खाली देते. कचेरीत तो मी स्वतः वाचणार आहे. तुला आधी कळावा असे वाटले.

*

मी, खाली सही करणारी, असे कबूल करते की 'वाटाड्याची जागा सर्वांच्या पुढे असते' हे विधान मी चौकशीपुढे ठेवले, ते स्वतः न तपासता ठेवले. ते मी घरी, खुर्चीत बसून लिहिले. ते चुकीचे आहे. माझ्या निवेदनातल्या इतर विधानांविषयी समितीने आपला निर्णय आपण करावा. एवढी एक चूक माझी, आणि माझी एकटीची आहे. ती मला डोंगरावर धुक्यात बसले असताना कळली. त्या वेळी माझ्या मागे कोणी नव्हते.

(सही)
टिल्लूची ताई